घराभोवती फुलझाडे आणि सदाहरित झुडपे यांची सांगड: सांगली परिसरासाठी लागवडीचे मार्गदर्शन

सांगली-मिरज भागात नव्या घराची वास्तुशांत झाली की कुंपणाच्या आतील मोकळ्या पट्ट्यात झाडे लावण्याची घाई सुरू होते आणि ती बहुधा जूनच्या पहिल्या पावसाबरोबरच होते. रोपवाटिकेत त्या वेळी जे बहरावर असते, तेच पिशवीसकट घरी येते. श्रावणात अशी बाग खरोखरच देखणी दिसते. परंतु संक्रांत उलटली की पारिजातकाची पाने गळू लागतात, पांढऱ्या चाफ्याचे नुसते खुंट उरतात, छाटलेला मोगरा अजून जमिनीलगतच असतो, आणि मार्च ते मे या काळात, घरातल्या माणसांना हिरवाईची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच, कुंपणाची भिंत उघडी पडते. म्हणून बागेचा आराखडा वैशाखातील स्थिती डोळ्यांसमोर ठेवून आखावा, असे माझे ठाम मत आहे. वैशाखात जी झाडे पानांनी भरलेली राहतात त्यांच्या जागा आधी निश्चित कराव्यात आणि हंगामी बहर देऊन मध्येच विसावा घेणारी झाडे त्यांच्या आश्रयाने बसवावीत.

थंड हवेच्या देशांत सदाहरित म्हटले की देवदार, चीड यांच्या कुळातील सुईसारख्या पानांची झाडे समोर येतात, आणि त्या बागांची छायाचित्रे पाहून आपल्याकडे मोरपंखीच्या रांगा लावल्या जातात. मोरपंखी सांगलीत जगते, हे खरे आहे. मात्र दाटीने लावली की तिचा आतला भाग हवा व उजेड न मिळाल्याने तपकिरी पडतो, आणि अशा वाळक्या, जुन्या फांदीतून तिला पुन्हा फुटवा येत नाही. एकदा पडलेले भगदाड कायमचे राहते. ती लावायचीच असेल तर एखादे-दुसरे झाड मोकळ्या जागेत, चारही बाजूंनी ऊन लागेल असे लावावे. आपल्या हवामानात फुले देणारी कितीतरी झुडपे मुळातच सदाहरित आहेत, त्यामुळे हिरवाई आणि फुले यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ आपल्यावर येत नाही.

झाडांची निवड

पक्क्या हिरव्या रांगेसाठी माझी पहिली पसंती कुंतीला आहे. तिला काही जण कामिनी म्हणतात. तिची पाने लहान, गडद आणि चकचकीत असतात, ती छाटणी सहज सोसते, अर्धवट सावलीत तग धरते आणि उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर आठवडा-दोन आठवड्यांत पांढऱ्या सुवासिक फुलांनी भरून जाते. तिच्या खालोखाल तगर. साधी असो वा डबल, तगरीला वर्षभर थोडीफार फुले असतात आणि देवपूजेची रोजची गरज ती एकटी भागवू शकते. कण्हेर काळ्या जमिनीत, क्षारयुक्त पाण्यावर आणि भर उन्हात निभावून नेते. पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, तिच्या फांद्या जाळल्यास धूरही अपायकारक असतो, आणि पिवळ्या फुलांच्या बिट्टीच्या बिया तर अत्यंत घातक आहेत. घरात लहान मुले असतील, दारात गाय किंवा शेळी बांधलेली असेल, तर या दोन्ही झाडांना फाटा द्यावा. जत, आटपाडी, कवठे महांकाळ या कोरड्या तालुक्यांत आणि साताऱ्याकडील माण-खटाव भागात कुंपणालगत करवंद लावण्याचा विचार अवश्य करावा. ते सदाहरित आहे, काटेरी असल्याने गुरांना अटकाव करते, उन्हाळ्याच्या तोंडाशी पांढरी फुले देते आणि एकदा रुजल्यावर फारसे पाणी मागत नाही.

अंजनीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. महाबळेश्वर आणि साताऱ्याच्या पश्चिमेकडील डोंगरमाथ्यांवरील हे आपले स्थानिक सदाहरित झाड. फेब्रुवारीनंतर त्याच्या पानांआड, थेट फांद्यांच्या सालीवर, निळ्या-जांभळ्या फुलांचे घोस लागतात. वाढ अतिशय संथ असल्याने रोपवाटिका ते फारसे ठेवत नाहीत. जावळी, पाटण, वाई या भागांत घर असणाऱ्यांनी रोप मिळाल्यास आवर्जून लावावे आणि त्याला वेळ द्यावा.

मोठ्या झाडांपैकी बकुळ सदाहरित आहे व तिची सावलीही दाट असते, पण घराच्या पायापासून तिला किमान १२ ते १५ फूट अंतर हवे. दोन गुंठ्यांच्या जागेत ते क्वचितच मिळते.

हंगामी बहराच्या झाडांमध्ये प्रत्येकाचा महिना ठाऊक असणे महत्त्वाचे असते. मोगरा मार्चपासून पावसाला सुरुवात होईपर्यंत फुलतो. अनंताची फुले उन्हाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होतात. शंकासुराचा मुख्य बहर पावसाळ्यातला, पारिजातकाचा श्रावणापासून थंडी पडेपर्यंतचा, आणि कुंदा ऐन हिवाळ्यात, मार्गशीर्ष ते माघ, पांढरा होतो. जास्वंद बारमाही असली तरी थंडीत तिची फुले कमी होतात. हे महिने कागदावर एकाखाली एक लिहिले की कोणता काळ रिकामा राहतो ते लगेच दिसते. बहुतेक घरांत तो डिसेंबर ते फेब्रुवारी हाच असतो आणि एकट्या कुंद्याने तो भरून निघतो, तरीही कुंदा फार थोड्या अंगणांत दिसतो.

प्रमाण काय ठेवावे, याबद्दल मी एवढेच सुचवेन की दर तीन झुडपांत दोन सदाहरित असावीत. याहून फुलझाडे वाढवली की उन्हाळ्यात पोकळी दिसते.

काळी जमीन आणि निचरा

आराखडा कितीही सुरेख असला तरी सांगली-मिरज पट्ट्यात यश-अपयश ठरते ते जमिनीवर. कृष्णाकाठची काळी भारी जमीन पाणी दीर्घकाळ धरून ठेवते, उन्हाळ्यात तिला रुंद भेगा पडतात आणि त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात. तिच्यात चुनखडीचे प्रमाण अधिक असते, सामू (मातीच्या आम्ल-विम्लतेचे माप, म्हणजे pH) अनेकदा ८ च्या पुढे असतो, आणि नदीकाठच्या बागायती भागात अतिपाण्यामुळे क्षारही साचलेले आढळतात. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावर परिस्थिती अगदी उलट असते: खाली मुरूम, वर जेमतेम वीतभर माती, निचरा उत्तम पण ओल टिकत नाही. एकच शिफारस दोन्हीकडे लागू करता येत नाही.

नव्या बांधकामाच्या जागेत सर्वप्रथम राडारोडा काढावा. गिलाव्याचे ढपले, सिमेंटचा चुरा, चुन्याचे खडे हे सगळे मातीचा विम्लपणा (अल्कधर्मीपणा) आणखी वाढवतात, आणि ठेकेदार हा माल बहुधा कुंपणालगतच, म्हणजे नेमका आपल्या लागवडीच्या पट्ट्यात, पसरून देतो. दीड फूट खोलीपर्यंत खणून तो बाहेर काढण्याचा खर्च टाळू नये. चुलीची किंवा बंबाची राखही काळ्या जमिनीत घालू नये. तीसुद्धा सामू वाढवते.

खड्डा घेण्याच्या प्रचलित पद्धतीत काळ्या जमिनीपुरता बदल करणे आवश्यक आहे. दोन फुटी खड्डा घेऊन त्यात भुसभुशीत पोयटा व शेणखत भरले की पावसाळ्यात आजूबाजूच्या चिकण मातीतून पाणी त्या खड्ड्यात उतरते आणि बाहेर पडायला वाट नसल्याने तेथेच थांबते. रोपाची मुळे हवेअभावी कुजतात आणि मालकाला वाटते की पाणी कमी पडले. यावर उपाय म्हणजे सलग उंच वाफा. संपूर्ण पट्टा एप्रिल-मेमध्ये फूटभर खोल खणून तापू द्यावा, त्यात चांगले कुजलेले शेणखत आणि जाडसर मुरूम मिसळावा, आणि वाफ्याची पातळी भोवतालच्या जमिनीपेक्षा ८ ते १२ इंच उंच ठेवून कडेला विटांची किंवा दगडांची ओळ लावावी. शेणखत मातीच्या पाव हिश्शाइतके असावे. उंच वाफ्याची माती घराच्या भिंतीला टेकू देऊ नये, नाहीतर ओल थेट भिंतीत चढते. मुरमाड जागेत मात्र दोन फुटी खड्डाच योग्य. तो पोयटा, शेणखत आणि पसाभर निंबोळी पेंड यांनी भरावा आणि भोवती पाणी थांबेल असे आळे करावे.

लागवड वाफशावरच, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली असताना, करावी. मृगाचा पाऊस पडल्याबरोबर चिखलात रोपे लावली तर मातीचे ढेकूळ बनून मुळांभोवती आवळले जाते. मूठभर माती घेऊन दाबावी. गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारताच फुटला तर वाफसा आला असे समजावे, बोटाला चिकटून राहिला तर आणखी दोन दिवस थांबावे. सांगलीत जूनचा शेवटचा आठवडा ते जुलै हा काळ साधारणपणे सोयीचा असतो. शिराळा, पाटण, जावळी अशा अतिपावसाच्या भागात ऑगस्ट सरता सरता लागवड केलेली बरी.

अनंत आणि एक्झोरा यांच्याबाबत स्पष्ट सांगणे भाग आहे. या दोघांना किंचित आम्लधर्मी माती मानवते. साताऱ्याच्या पश्चिमेकडील जांभ्या मातीत ती आनंदाने वाढतात, पण सांगलीच्या चुनखडीयुक्त मातीत त्यांची नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता आहे. जमिनीत लोह नसते असे नाही, चुनखडीमुळे ते मुळांना घेता येत नाही, म्हणून नुसते हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून फारसा उपयोग होत नाही. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि किंचित सायट्रिक ॲसिड विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारल्यास तात्पुरती सुधारणा दिसते. ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह, म्हणजे चुनखडीतही मुळांना घेता येईल अशा रूपातले लोह, मातीतून दिल्यास परिणाम अधिक टिकतो. तरीही अनंतावर जीव असेल तर तो मोठ्या कुंडीत, स्वतंत्र माती घालून, सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. लागवडीपूर्वी मृद चाचणी प्रयोगशाळेतून मातीची तपासणी करून घेतल्यास सामू आणि क्षारता यांबाबत अंदाजावर विसंबावे लागत नाही.

उन्हाची दिशा

सांगली सुमारे १७ अक्षांशावर असल्याने मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो, तर डिसेंबरात तो दक्षिणेकडे क्षितिजापासून जेमतेम ५० अंशांवर राहतो. याचा अर्थ असा की, घराच्या उत्तरेकडील पट्टा संपूर्ण हिवाळा सावलीत असतो आणि मे महिन्यात मात्र त्यावर दुपारचे ऊन पडते. पाच फुटी कुंपणाची दुपारची सावलीही डिसेंबरात चार फुटांपेक्षा थोडी जास्त लांब पडते. दक्षिणेच्या कुंपणाच्या आत लावलेला मोगरा या सावलीत सापडला की कळ्या धरण्याच्या सुमारास त्याला हवे तेवढे ऊन मिळत नाही. उत्तरेच्या बाजूला कुंती, तगर, अबोली, अडुळसा यांवर भर द्यावा. मोगरा, जास्वंद, शंकासुर, बोगनवेल यांना दिवसाचे किमान पाच-सहा तास थेट ऊन हवे.

पश्चिमेचे ऊन सर्वांत त्रासदायक असते. एप्रिल-मेमध्ये पारा ३८ ते ४० अंशांपर्यंत जातो आणि दुपारी तीननंतर पश्चिमेची भिंत तापून रात्री उशिरापर्यंत घरात उष्णता सोडत राहते. त्या भिंतीसमोर दाट सदाहरित रांग असणे हा केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही. रांग भिंतीपासून दोन-तीन फूट दूर ठेवावी, म्हणजे मधून हवा खेळेल आणि पाणी पायात मुरणार नाही.

एका पट्ट्याची मांडणी

उदाहरणादाखल ३३ फूट रुंदीचा पश्चिमाभिमुख भूखंड घेऊ. समोर फाटकासाठी ११ फूट सोडल्यावर कुंपणाच्या आत २२ फूट लांब आणि ७ फूट रुंद वाफा मिळतो, आणि वाफा व पायरी यांच्यामध्ये चालण्यापुरती वाट उरते.

कुंपणापासून २ फुटांवर कुंतीची पाच रोपे एका रेषेत लावावीत; पहिले फाटकाच्या खांबापासून ३ फुटांवर आणि पुढची प्रत्येकी ४ फुटांवर. ही रांग पाच-सहा फुटांपर्यंत वाढू द्यावी. तिच्यापुढे, कुंपणापासून ५ फुटांवर, कुंतीच्या दोन रोपांमधील जागांसमोर बहराची झाडे बसवावीत, म्हणजे प्रत्येक फुलझाडाच्या मागे हिरवी पार्श्वभूमी राहते. फाटकाकडून ५ फुटांवर जास्वंद, ९ आणि १३ फुटांवर मोगऱ्याची दोन रोपे आणि शेवटी १८ फुटांवर पारिजातक अशी ही दुसरी रांग होते. पारिजातक कुंतीपेक्षा उंच जातो, त्यामुळे त्याचा शेंडा रस्त्यावरूनही दिसतो, आणि उन्हाळ्यात तो निष्पर्ण झाला तरी मागच्या हिरव्या कुंतीमुळे तो कोपरा भकास वाटत नाही. पारिजातकाखाली काहीही लावू नये. तेथे तीन-चार फुटांचा घेर स्वच्छ, सारवल्यासारखा सपाट ठेवावा, कारण त्याची फुले पहाटे खाली पडतात आणि मातीत न माखता वेचता यायला हवीत.

वाफ्याच्या घराकडील कडेला, पारिजातकाचा घेर सोडून, सव्वा-सव्वा फुटावर अबोली लावावी. दुपारी उशिरा कुंपणाची आणि कुंतीची सावली या कडेवर येते आणि अबोलीला ती मानवते. पूजेसाठी रोज लागणारी फुले वाफ्यात पाय न घालता हाताला यावीत, म्हणून जास्वंद फाटकाजवळ ठेवली आहे. घरातील ज्येष्ठ मंडळी सकाळी फुले काढत असतील तर तिच्यासमोर एक सपाट शहाबादी फरशी बसवून द्यावी.

कोयनेच्या विसर्गाने कृष्णेला पूर आला की सांगलीचे काही भाग पाण्याखाली जातात, हे २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये दिसून आले आहे. अशा भागात वाफा एक फुटापेक्षा अधिक उंच घ्यावा आणि पाणी ओसरल्यावर बुंध्याभोवती बसलेला गाळ तसाच न ठेवता मूळ पातळीपर्यंत काढून टाकावा, कारण बंद झालेल्या मुळांना हवा मिळत नाही.

पाणी, आच्छादन आणि छाटणी

सारख्या गरजेची झाडे एका ठिबक नळीवर घ्यावीत. बोगनवेलीला पाण्याचा थोडा ताण बसला की ती रंगाने भरते, जास्वंदीला तोच ताण दिला की तिच्या कळ्या गळतात. ही दोन झाडे शेजारी लावून एकाच नळीवर ठेवली तर दोघांपैकी एकाचे नुकसान ठरलेले असते. काळ्या जमिनीत मुळे धरलेल्या झुडपांना उन्हाळ्यात सहा-आठ दिवसांनी भरपूर पाणी द्यावे, मुरमाड जमिनीत तीन-चार दिवसांनी. रोज थोडे थोडे पाणी शिंपडल्याने मुळे वरच्या थरातच राहतात आणि बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्यास पानांच्या कडा करपतात.

आच्छादनासाठी आपल्या भागात उसाच्या पाचटाइतके स्वस्त आणि चांगले दुसरे काही नाही. होळीच्या सुमारास वाफ्यावर तीन-चार इंच जाडीचा थर द्यावा, त्यामुळे जमिनीला भेगा कमी पडतात. बुंध्यापासून तो चार बोटे दूर ठेवावा आणि वाळवीच्या भीतीने घराच्या भिंतीलाही लागू देऊ नये.

छाटणीत सर्वांत मोठी चूक होते ती सर्व झाडांना एकाच दिवशी, एकाच कात्रीने, चौकोनी आकार देण्यात. माळीबुवांना प्रत्येक झाडाबद्दल वेगळे सांगावे लागते. मोगऱ्याचे पाणी नोव्हेंबरच्या अखेरीस तोडून डिसेंबरात तो जमिनीपासून दीड फुटावर छाटावा आणि पानगळीनंतर खत-पाणी सुरू करावे. नव्या फुटव्यावर कळ्या येतात. पारिजातकाची छाटणी बहर संपल्यावर, माघात करावी. पावसाळ्याच्या तोंडावर केल्यास त्या वर्षीची फुले जातात. जास्वंदीचे शेंडे वर्षातून एक-दोनदा तृतीयांशाने कमी केले की पुरे, आणि शेंड्यांवर पिठ्या ढेकूण दिसताच ती टोके कापून जाळून टाकावीत. कुंतीला फुले हवी असतील तर दर पंधरवड्याला तिचे शेंडे खुडणे बंद करावे. एक छाटणी पावसाळ्यातील बहरानंतर आणि एक फेब्रुवारीत पुरेशी आहे. रांग कापताना ती खाली रुंद आणि वर किंचित निमुळती ठेवावी, म्हणजे खालच्या फांद्यांना उजेड मिळतो आणि बुडाशी काटक्या उघड्या पडत नाहीत.

कुंतीची रांग भरायला अडीच-तीन वर्षे लागतात. तेवढ्या काळात मधल्या जागांत झेंडू, शेवंती, गुलबक्षी अशी हंगामी फुले घ्यावीत. जलद वाढणारे एखादे झुडूप तात्पुरते म्हणून मध्ये घुसवू नये, कारण कुंती भरेपर्यंत त्याची मुळे सगळ्या वाफ्यात पसरलेली असतात आणि ते उपटताना शेजारच्या रोपांना धक्का बसतो. तिसऱ्या पावसाळ्यात एखादे कुंतीचे रोप मागे पडलेले दिसले तर त्याच वयाचे, मोठ्या पिशवीत वाढवलेले रोप आणून जुलैत त्या जागी लावावे आणि पुढील उन्हाळाभर त्याला रांगेच्या ठिबकाखेरीज आठवड्यातून एकदा वेगळे पाणी द्यावे.